आवाज येतो, शब्द येत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेनं लिहिलंय. चाळिशीच्या आतच त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागलं; त्यांच्या आईचंही तसंच होतं. गेली १४ वर्षं त्या कानाचं मशीन वापरतात. डाव्या कानाला उपयोग होईना म्हणून सहा वर्षांपूर्वी त्या कानाचं मशीन काढून कपाटात ठेवलं. तीन वर्षांपूर्वी मुलानं उजव्या कानासाठी महागातलं, घातलं तरी कुणाला दिसणार नाही असं छोटंसं मशीन घेऊन दिलं. आता पुण्यात नव्यानं तपासणी झाली. उजवा कान सरासरी ८० डेसिबल, डावा १०० च्या पुढे (आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी). मशीन लावून शब्द ओळखण्याच्या चाचणीत उजव्याला ३८ टक्के आणि डाव्याला ८ टक्के. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार करायला सांगितलं आहे. यजमान म्हणतात, या वयात डोक्याचं ऑपरेशन नको, त्यापेक्षा आणखी भारी मशीन घेऊ. मुलगा म्हणतो, पैशांचं मी बघतो, करून टाक. शेजारणीच्या नातवाचं असं ऑपरेशन झालं आणि तो आता घडाघडा बोलतो, म्हणून शेजारीण रोज आग्रह करते. बाई गावातल्या भजनी मंडळात टाळ धरतात, ते सुटेल अशी त्यांना धास्ती आहे. त्यांचे प्रश्न तीन: मशीन चांगलं की कॉक्लिअर? ऑपरेशननंतर पूर्वीसारखं ऐकू येईल का? की आणखी चांगलं काही निघेपर्यंत थांबावं?

शेवटी त्यांनी लिहिलंय, "डॉक्टर सगळं यांच्याशीच बोलले. मला घरी आल्यावर यांनी दोन वाक्यांत सांगितलं. ता. क. मला आवाज येतो हो, शब्दच येत नाही."

उत्तर:

बाई, नमस्कार.

जन्मभर मुलांनी तुम्हाला बाई म्हटलं, मीही तेच म्हणते. तुम्ही ताजा कलमात जे वाक्य लिहिलंत तिथूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. आवाज येतो, शब्द येत नाही. कानाच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि घरी मात्र त्याचा अर्थ "हिला हवं तेवढंच ऐकू येतं" असा लावला जातो.

तुमच्या मंडळात पेटी असेलच. जुन्या पेटीच्या वरच्या सप्तकातले काही सूर बसले, म्हणजे आतली पितळी जिभली मोडली किंवा अडकली, की काय होतं? पट्टी दाबली तर नुसती हवा येते. मग भाता कितीही जोरात मारा, तो सूर वाजत नाही. बाकीचे सूर मात्र कर्कश होतात. कानाचं मशीन म्हणजे भाता. ते आवाज मोठा करतं, नको ते थोडं गाळतं, हवं ते थोडं उचलून धरतं. पण तो आवाज शेवटी तुमच्या आतल्या कानालाच घ्यायचा असतो. आतल्या कानात शंखासारखा अडीच वेढ्यांचा भाग आहे, त्यात जन्मतः १५ हजारांच्या आसपास केसपेशी असतात. आवाजाच्या थरथरीचा संदेश करून तो ऐकण्याच्या नसेपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. बहुतेकांच्या आधी वरच्या पट्टीच्या पेशी जातात, आणि स, श, त, थ, क, च यांची ओळख त्या पट्टीत असते. स्वर खाली असतात, ते टिकतात. म्हणून 'भात', 'सात', 'हात', 'रात' या सगळ्यांतला 'आ' तुम्हाला स्वच्छ ऐकू येतो, आणि पानात भात वाढू का विचारतायत की घड्याळात सात वाजले म्हणतायत ते कळत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट आवाज मोठा करतच नाही. कानामागे बसणारा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे विजेचे संकेत करतो, ते चुंबकानं चिकटलेल्या चकतीतून कातडीखालच्या भागाकडे जातात आणि तिथून शंखात सरकवलेल्या बारीक तारेतून थेट नसेला दिले जातात. मेलेल्या पेशींना वळसा घालून. तेव्हा साधं मशीन, भारी मशीन आणि सर्वांत भारी कॉक्लिअर अशी जी चढती भाजणी तुमच्या घरात तिघांच्याही मनात दिसते, ती मला आधी बाजूला ठेवायची आहे. ज्याच्या आतल्या कानात काम करणाऱ्या पेशी पुरेशा आहेत त्याला चांगलं मशीन इम्प्लांटपेक्षा सरस, त्यात वाद नाही. ज्याच्या उरल्या नाहीत त्याला तीन लाखांचं मशीनही भात आणि सात वेगळं करून देणार नाही. त्यामुळे कोणतं चांगलं हे कंपनीच्या माहितीपत्रकातून कळत नाही. नीट बसवलेल्या मशीनमधून तुमच्या कोणत्या कानाला, चेहरा न बघता, किती शब्द कळतात यावर ते ठरतं.

आणि इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूनं थोडं बोलणार आहे, कारण ते 'आणखी मशीन' म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. तुमचा उजवा कान ८० डेसिबलचा आहे. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, म्हणजे मशीनशिवाय ते तुमच्यापर्यंत येतच नाही. एवढ्या कमी ऐकू येणाऱ्या कानाला, आत लपणारं छोटं मशीन सहसा पुरं पडत नाही. त्याची ताकद मर्यादित असते, आणि ती वाढवायला गेलं की शिट्टी वाजते. तुम्ही लिहिलंयत की सुनेशी फोनवर बोलताना शिट्टी वाजते म्हणून तुम्ही आवाज कमी करून ठेवता. मुलानं प्रेमानं घेतलं, दुकानदारानं दिसणार नाही म्हणून विकलं, आणि तुमच्या कानाचं गणित मधेच राहिलं. म्हणून पहिलं काम हे: कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या. मग चांगल्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, कानामागे बसणारं, जास्त ताकदीचं मशीन, कानाचं माप घेऊन नव्यानं केलेल्या मोल्डसह (कानात घट्ट बसणाऱ्या साच्यासह), महिनाभर वापरायला मागा. विकत घेऊ नका, चाचणीसाठी मागा. कित्येक ठिकाणी देतात. ते लावताना कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजतात, ती मोजणी करायला सांगा. नुसतं "आता बरं वाटतंय का?" विचारून सोडू देऊ नका. महिन्यानं शब्दांची चाचणी परत करा, आणि शब्द मराठीच असू देत. हिंदी यादीवर पडलेले मार्क तुमचे मार्क नव्हेत.

उजव्याचे ३८ चे ६० झाले तर तुमच्या यजमानांचं म्हणणं बरंचसं खरं ठरेल, निदान त्या कानापुरतं. तिथेच अडकले तर आणखी भारी मशीनची वाट बघण्यात अर्थ नाही. परदेशात डॉक्टर एक सोपा ठोकताळा वापरतात: चांगल्या कानाची सरासरी ६० डेसिबल किंवा त्याहून वाईट, आणि त्याच कानाला मशीनशिवाय, पुरेसा मोठा आवाज देऊनही ६० टक्के किंवा त्याहून कमी शब्द कळत असतील, तर त्या माणसाला इम्प्लांटच्या तपासणीला पाठवा. पाठवा, एवढंच. ऑपरेशन करा असं त्यात नाही. पण आपल्याकडे त्या टप्प्याच्या कितीतरी पुढे गेलेली माणसं तिसरं-चौथं मशीन घेत राहतात, म्हणून हा आकडा सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावा.

दवाखान्यात जायच्या आधी घरी एक गोष्ट करा. तुम्ही हजारो मुलांना श्रुतलेखन घातलं असेल, आता यजमानांनी तुम्हाला घालायचं. टीव्ही, पंखा बंद. त्यांनी तुमच्या मागे चार हात अंतरावर बसून, रोजच्या आवाजात, ओरडून नाही, पंचवीस सुटे शब्द एकेकदाच वाचायचे. भात, ताक, खुर्ची, साठ, सात, पिशवी, असे. तुम्ही वहीत लिहायचे. मग तेच समोर बसून, वेगळे पंचवीस. दोन्ही वह्या दोघांनी मिळून तपासा. ही डॉक्टरी चाचणी नव्हे, पण तुमच्या घरात आज जे कुणालाच दिसत नाही ते या दोन पानांवर दिसेल: तुम्ही कानानं किती ऐकता आणि डोळ्यांनी किती भरून काढता. डोळ्यांनाही मर्यादा आहेच. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाबा', 'मामा', 'पापा' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ एकसारखेच हलतात. दिवसभर असे तर्क करत राहायचं म्हणजे काय दमणूक असते! संध्याकाळी पाहुण्यांतून उठून तुम्ही स्वयंपाकघरात जाता आणि सगळ्यांना वाटतं तुम्हाला माणसं नकोशी झालीत, असं तुम्ही लिहिलंत. ती ही दमणूक आहे, बाई. तुमच्या स्वभावाला कुणी नाव ठेवू नये.

आता डाव्या कानाकडे येते. तुमच्या पत्रात तो जवळजवळ नाहीच. काढून ठेवलेल्या मशीनबरोबर तोही कपाटात गेला. मला वाटतं निर्णयाचं खरं ठिकाण तोच कान आहे. १०० च्या पुढे आणि ८ टक्के शब्द, म्हणजे कोणतंही मशीन त्याला आता काही देऊ शकत नाही. तिथे मशीन की कॉक्लिअर हा प्रश्नच उरत नाही. कॉक्लिअर की काहीच नाही, एवढाच उरतो. आणि उजवा कान, त्यात अजून जे शिल्लक आहे ते, मशीनसह तसाच ठेवता येतो. डाव्याला इम्प्लांट आणि उजव्याला मशीन, दोन्ही एकत्र. असं वापरणारी माणसं भरपूर आहेत, आणि तुमच्यासारख्या कानांसाठी डॉक्टर पुष्कळदा हेच सुचवतात. तुम्ही, यजमान आणि मुलगा महिनाभर जे भांडताय ते "हे का ते" असं धरून. दोन्ही मिळण्याची शक्यता तुम्हाला कुणी सांगितली होती का? बहुधा सांगितली असेल, यजमानांना, आणि ती त्या दोन वाक्यांत बसली नसेल.

डावा कान सहा वर्षं मुका आहे, तर आता उपयोग होईल का, हा यातला रास्त प्रश्न आहे. कान जितका जास्त काळ उपाशी, तितकं नसेला आणि मेंदूला शब्दांची सवय परत लावणं अवघड, हे खरं. पण तुमचा हा कान जन्मापासून मुका नव्हता. त्यानं निम्म्याहून जास्त आयुष्य नीट ऐकलंय, नंतरही काही वर्षं मशीनवर ऐकलंय. त्या मानानं सहा वर्षं म्हणजे दार बंद झालं असं नव्हे. सीटी स्कॅन आणि एमआरआय करून शंख मोकळा आहे का, नस जागेवर आहे का हे बघतात, मग बोलता येतं. मी तुमचा कान तपासलेला नाही, तेव्हा यापुढचं तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. मात्र तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. थांबण्याला किंमत आहे, आणि ती डावा कान देतो. बाहेरचा प्रोसेसर पुढे बदलता येतो. नवीन निघाला की आतली तार तशीच ठेवून बाहेरचा भाग नवा घेतात. केसपेशी पुन्हा उगवण्यावर संशोधन चालू आहे, पण दवाखान्यात जाऊन घेता येईल असा तो उपचार आज नाही. दोन महिने थांबून उजव्या कानाची नीट चाचणी करणं वेगळं, आणि पाच वर्षं नव्या शोधाची वाट बघणं वेगळं.

यजमानांना हा 'नवा प्रयोग' वाटतो, त्यांना एक गोष्ट सांगा. १९७७ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर ग्रॅम क्लार्क समुद्रकिनारी सुट्टीवर होते. लवचीक तार शंखाच्या वेढ्यांत खोलवर कशी सरकवायची, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. वाळूत सापडलेल्या शंखात त्यांनी गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाशी मऊ आणि बुडाशी ताठ असलेलं पातं वळत वळत आत गेलं. पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, मेलबर्नला त्यांनी पहिल्या रुग्णाला बहुवाहिनी, म्हणजे तारेवर अनेक बिंदू असलेलं, इम्प्लांट बसवलं. त्यांचे स्वतःचे वडील औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू न आल्यानं त्रासलेले असत, ते पाहतच ते मोठे झाले होते. म्हणजे या गोष्टीला आता जवळजवळ पन्नास वर्षं होत आली.

आणि हे डोक्याचं ऑपरेशन नव्हे. कानामागच्या हाडात काम होतं, मेंदूला हात लागत नाही. पूर्ण भूल देतात, साधारण दोन-तीन तास लागतात, एक-दोन दिवसांत घरी. वय ६१ ही अडचणच नाही. सत्तरी-ऐंशीतली माणसं हे करून घेतात, भूल झेपण्याइतकी तब्येत हवी. धोके आहेत, ते लपवू नयेत. काही दिवस चक्कर येऊ शकते, जिभेची चव बदलू शकते, जखमेत जंतू होऊ शकतात. चेहऱ्याची नस जवळून जाते, तिला इजा क्वचित होते. मेंदुज्वराचा थोडा वाढीव धोका असतो म्हणून न्यूमोकोकसची लस आधी घ्यायची असते. ती कुणी सांगितली नाही तर तुम्हीच विचारा. आत चुंबक असल्यामुळे पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगावं लागतं, इम्प्लांटचं कार्ड पर्समध्ये ठेवायचं. आणि त्या कानात जे थोडं नैसर्गिक ऐकणं उरलंय ते जाऊ शकतं. तुमच्या डाव्या कानात गमावण्यासारखं फार नाही. उजव्याच्या बाबतीत मी इतक्या सहज असं म्हणाले नसते.

"पूर्वीसारखं ऐकू येईल का?" नाही. हे मला स्पष्ट सांगायला हवं, कारण ऑपरेशननंतर निराश होणारी बहुतेक माणसं या एका अपेक्षेपायी निराश होतात. हजारो पेशींचं काम त्या तारेवरचे १२ ते २२ बिंदू करणार. ऑपरेशननंतर दोन ते चार आठवड्यांनी प्रोसेसर पहिल्यांदा चालू करतात. त्या दिवशी बऱ्याच जणांना डब्यातून बोलल्यासारखं, बदकासारखं, नुसत्या टिकटिकीसारखं ऐकू येतं. नातेवाईक पेढे घेऊन बसलेले असतात आणि पेशंट रडवेला होतो. कृपा करून त्या दिवशी पेढे नेऊ नका. मग दर काही आठवड्यांनी मॅपिंग करतात, म्हणजे प्रत्येक बिंदूला किती ताकद द्यायची ते जुळवतात, आणि मेंदू हळूहळू त्या टिकटिकीतून अक्षरं ओळखायला लागतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत खूप फरक पडतो, वर्षभर पडत राहतो. पण रोज सराव हवा. तासभर श्रुतलेखन, यजमानांनी पेपरनं तोंड झाकून अग्रलेख वाचायचा आणि तुम्ही बोट ठेवून ओळ पकडायची, नंतर बोटाशिवाय. उजव्याचं मशीन काढून, फक्त डाव्यानं. पहिलीतल्या पोरासारखं पुन्हा बाराखडीपासून बसायची तयारी असेल तरच हो म्हणा. तुम्ही बसाल असं मला वाटतं, पण ते तुम्ही ठरवायचं.

भजनाबद्दल तुम्ही चार ओळी लिहून खोडल्यात, तरी वाचता आल्या. इम्प्लांटनं बोलणं जितकं सुधारतं तितके सूर सुधारत नाहीत. ताल नीट कळतो, टाळ-मृदंग स्वच्छ येतात. चाल, वरखाली जाणारा सूर हे मात्र अंधुक येतं, काहींना बेसूर वाटतं. म्हणूनच उजवा कान मशीनसह जपण्याचा मी इतका आग्रह धरतेय. खालच्या पट्टीतलं, स्वराचं अंग तो अजून पुरवतो, आणि दोन्ही कान मिळून ऐकताना गाणं अधिक भरीव वाटतं असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. तुम्ही टाळ धरता, म्हणजे तुमची जागा तालाची. तुमच्या पाठ असलेल्या अभंगांपासून सुरुवात करा. शब्द आणि चाल मेंदूत आधीच आहे, त्याला आवाजाशी जुळवणं सोपं जातं. डॉक्टरांना मात्र स्पष्ट सांगा की मी भजन म्हणते. कोणता कान, कोणती तार, उरलेलं ऐकणं जपायचा किती प्रयत्न करायचा, यावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

पैशांचं मुलगा बघतो म्हणाला, ते चांगलं आहे, पण त्याला पूर्ण हिशेब द्या. आपल्याकडे यंत्रच पाच-सहा लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत जातं, ऑपरेशन आणि हॉस्पिटल वेगळं. पुढे केबल, कॉइल, बॅटऱ्या, मॅपिंगच्या फेऱ्या, आणि काही वर्षांनी प्रोसेसर बदलायचा झाला तर तो पुन्हा लाखांत. विमा असेल तर इम्प्लांटचं यंत्र त्यात बसतं का ते लेखी विचारा. सगळ्यांत महागडं मॉडेल घेतलं म्हणजे जास्त शब्द कळतील असं नसतं. तुमच्या गावापासून जवळ, साताऱ्यात किंवा पुण्यात, त्या कंपनीची सेवा आणि मॅपिंग करणारा अनुभवी माणूस आहे का, याला मी जास्त वजन देईन. आणि पावसाळा लक्षात घ्या. दमटपणानं मशीनही बिघडतं, प्रोसेसरही. रात्री सुकवणीच्या डबीत ठेवायची सवय आत्ताच्या मशीनपासूनच लावा.

शेजारणीच्या नातवाचं उदाहरण तुमच्या उपयोगाचं नाही, हे तिला प्रेमानं सांगा. तो जन्मतः बहिरा होता, भाषा पहिल्यांदा शिकत होता. तुमच्याकडे भाषा भरलेली आहे, तुम्हाला ती फक्त नव्या आवाजात ओळखायची आहे. हिशेब दोन्हीकडे वेगळा. पण हे वाचणाऱ्या लहान मुलांच्या आईबाबांसाठी इथे एक थांबा घेते. तुमच्या बाळाला ऐकू येत नाही अशी शंका आली तर "मोठेपणी बोलेल, याचे काकाही उशिरा बोलले होते" म्हणून दिवस घालवू नका. बाळाला किती ऐकू येतं ते यंत्रानं मोजणारी बेरा चाचणी करा, लगेच मशीन लावा, आणि मशीननं पुरेसं येत नसेल तर इम्प्लांटचा निर्णय लवकर घ्या; भाषा शिकण्याची ती पहिली वर्षं परत येत नाहीत. मेंदुज्वरानंतर ऐकणं गेलं असेल तर आणखी घाई, कारण शंखाच्या आत हाड भरत जातं. केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटला मदत मिळते, तिचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून चालतं, तिथे विचारा. आणि तोवर, किंवा नंतरही, मुलाशी खुणांनी बोललात तर बोलणं मागे पडेल ही भीती बाळगू नका. मुलाला भाषा हवी.

यजमानांवर चिडू नका असं मी सांगणार नाही, पण ते घाबरलेत एवढं मात्र मला पत्रातून दिसतं. माझे वडील शेवटची बारा-पंधरा वर्षं असेच होते. जेवताना सगळे हसले की ते क्षणभर उशिरा हसायचे. मग विचारायचे, "काय म्हणाला गं तो?" आणि आम्ही पोरं म्हणायचो, "काही नाही हो, तुमचं नाही." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसती मान डोलवायला लागले. आम्हाला वाटलं, बरं झालं, त्यांना आता त्रास होत नाही. ते गेल्यावर मला कळलं आम्ही काय करत होतो. तुमच्या घरी तुमच्या कानाबद्दलचं बोलणंसुद्धा तुमच्या डोक्यावरून चाललंय, आणि ते तुम्ही "घरी आल्यावर यांनी दोन वाक्यांत सांगितलं" अशा साध्या शब्दांत लिहून टाकलंत.

तेव्हा पुढच्या भेटीला यजमान सोबत असू देत, पण डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तुम्ही बसा. उजेड त्यांच्या तोंडावर पडेल अशी जागा बघा. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोललेलं टाइप करून देणारा माइक असतो, तो सुरू करून फोन मध्ये ठेवा. प्रश्न आधीच वहीत लिहून न्या: ऑपरेशन कोणत्या कानाचं सुचवताय आणि का, त्या कानात उरलेलं ऐकणं जाईल का, उजव्याचं मशीन सोबत चालेल का, माझ्यासारख्या पेशंटला वर्षभरानं मागून बोललेलं साधारण किती कळतं, मॅपिंगला किती वेळा आणि कुठे यायचं, दहा वर्षांचा खर्च किती. जमलं तर असं इम्प्लांट वापरणाऱ्या, तुमच्याच वयाच्या दोन माणसांशी गाठ घालून द्यायला सांगा. एक खूश असलेला आणि एक नसलेला. एखादं वाक्य निसटलं तर मान डोलावू नका. "परत सांगा, आणि इथे लिहून द्या," म्हणा आणि वही पुढे करा.